लेकरू मांडीवर हाय का?

खिळेमास्तर कुठलीही भिंत रंगवायला घेतली की सगळ्यात आधी तिच्यात एक खिळा ठोकायचे. भिंत दवाखान्याची असो, शाळेची असो, नाहीतर मानवतच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानाची. दुकानदार म्हणायचा, मास्तर, नवा गिलावा हाय, भोकं कशाला पाडायलाव? मास्तर ऐकून घ्यायचे आणि ठोकायचे. काम झालं की तोच खिळा उपटून शर्टाच्या खिशात टाकायचे, भोकात चुना भरायचे आणि अंगठ्यानं असं सारखं करायचे की मालकाला मागून दाखवूनही ते सापडायचं नाही. खिळा एकच होता. लोहाराकडून घडवून घेतलेला, चौकोनी, बोटभर लांब. त्यांची बायको गयामावशी शर्ट धुवायला घ्यायच्या आधी खिसा चाचपायची, तरी त्या खिळ्यानं दोनचार शर्ट फाडलेच.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. मानवतातल्या जुन्या माणसांना नावाशिवायही कळेल. शाळेत मास्तर ते कधीच नव्हते, स्वतः सहावीपर्यंत शिकलेले. पण अक्षर असं काढायचे की शाळेतले गुरुजी फळ्याच्या कोपऱ्यावर सुविचार लिहायला त्यांना बोलावून न्यायचे, म्हणून मास्तर. एसटी स्टँडच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, कापसाच्या गाठींवर मारायचे पत्र्याचे छापे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, सरकारी भिंतीवरच्या सूचना, सगळं करायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती ऐंशी साली. नवऱ्यानं दुसरी केली होती, आणि मी तीन वर्षांची पोरगी कडेवर घेऊन माहेरी आले होते. आमची चार एकर कोरडवाहू, भाऊ दोन, भावजया दोन. बसून खायला कुणी म्हणत नव्हतं असं नाही, पण जेवताना माझ्या ताटाकडे बघायचे. मग मी लोकांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायला लागले. गयामावशीनं एकदा माझी वाकळ बघितली, टाका उलटून बघितला, आणि मला थेट दुकानात नेऊन उभं केलं. मास्तरांना म्हणाली, "हिचं टोचणं बघा. तुमच्या खाक्याला हीच पायजे."

खाका म्हणजे काय ते सांगते, आताच्या लोकांना माहीत नसेल. मोठ्या बदामी कागदावर चित्र नाहीतर अक्षरं काढायची. कागद वाकळीवर अंथरायचा आणि रेघेरेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं, तांदळाएवढ्या अंतरानं. मग कागद उलटा करून मागचा खरबरीतपणा काचकागदानं घासायचा. भिंतीवर तो कागद धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्या ठिपक्यांचं सगळं चित्र उमटलेलं. ठिपके जोडले की झालं. एक खाका नीट सांभाळला तर पन्नास भिंतींना पुरतो. ते टोचायचं काम माझ्याकडे आलं. लाकडी मुठीत बसवलेली सुई होती, दिवसभर टोचून अंगठ्याला घट्टा पडायचा.

मी गेले त्याला आमच्या गल्लीत बोलणी झाली, ती झालीच. मास्तर बौद्ध, आम्ही शेतकरी. दोन वर्षांपूर्वीच विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव जे व्हायचं ते होऊन गेलेलं. आई म्हणाली, काम कर बाई, पण पाणी आपलं ने. म्हणून मी कडीच्या डब्यात घरचं पाणी न्यायची. पहिल्या दिवशी डबा कुठं ठेवावा म्हणून मी इकडं तिकडं बघायला लागले. मास्तरांनी दाराच्या चौकटीला एक साधा खिळा ठोकला, डबा माझ्या हातातून घेतला नाही, नुसतं बोट दाखवलं. मी अडकवला. वर्षभर तो डबा तिथंच लटकायचा. एकदा उन्हाळ्यात मी टोचण्यात गुंग होते आणि मास्तरांनी घाईत त्याच पाण्यात ब्रश धुतला. डब्यात निळंशार पाणी. मास्तर ओशाळले. मला तहान तर लागलेली. मी उठले, त्यांच्या रांजणातलं पाणी घेतलं आणि पिले. मावशी भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला नाही. आईला सांगितलं, डबा गळतो. आईला कळलं असणार. तिनंही डबा कुठं गळतो ते बघितलं नाही. चौकटीवरचा तो खिळा मग माझ्या पिशवीचा झाला.

आता दुकानातल्या एका पत्र्याच्या नळकांड्याचं सांगते, कारण सगळं तिथं येऊन थांबतं. दुकानाच्या आढ्याला एक पत्र्याचं नळकांडं बांधलेलं होतं, दोन्हीकडून टोपण. दर महिन्या-दोन महिन्यांनी मास्तर ते उतरवायचे, आतून तीन गुंडाळलेले खाके काढायचे, उन्हाला धरायचे, वाळवी लागली का बघायचे, परत गुंडाळून वर बांधायचे. मी विचारलं नाही. गयामावशीनंच एकदा सांगितलं. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं अशी बातमी रेडिओवर आली, त्याच दुपारी मास्तरांनी कागद अंथरला होता. नवं नाव, तीन कागदांवर, बेतलं आणि मावशीनं टोचलं. मास्तरांच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर ते लिहायचं. भिंतीला चुना देऊन झाला होता. आणि मग आठ दिवसांत गावं पेटली. मास्तरांच्या बहिणीचं घर गेलं. ती चार लेकरं आणि एक पितळी परात घेऊन मानवतला आली. भिंत तशीच राहिली, खाका नळकांड्यात गेला.

वस्तीतले तरुण म्हणायचे, मास्तर, सरकार लिहील तवा लिहील, आपण आपल्या भिंतीवर लिहू. मास्तर म्हणायचे, "तिकडं विद्यापीठावर लागल्याबिगर इकडं न्हाई. मी पाटी रंगवणारा मानूस हाय. दुकान नसताना पाटी लावत नसतो." पण ती भिंत त्यांनी दुसऱ्या कशालाही दिली नाही. निवडणुकीचे लोक यायचे, सिनेमावाले यायचे, कुणीतरी चुना-काव घेऊन यायचं. वस्तीतली म्हातारी माणसं सांगायची, ही भिंत मास्तरांची हाय, त्यांना इचारा. दर दिवाळीच्या सुमाराला मास्तर तिला स्वतः पांढरा चुना द्यायचे आणि कोरीच ठेवायचे.

मास्तरांची शिकवायची पद्धत म्हणजे त्यांचं सगळं शहाणपण मेथीच्या जुडीत होतं. चित्रात जेवढं एकत्र राहायचं तेवढ्याची एक जुडी करायची. चार अक्षरांचा शब्द, एक जुडी. बैल आणि जू, एक जुडी. प्रत्येक जुडीच्या कागदाला एक भोक असायचं, सुईचं नाही, चांगलं खिळा जाईल एवढं. त्याला ते देठ म्हणायचे. जुडी भिंतीवर कुठंही न्यायची असली तर देठ धरून न्यायची. "मेथी बाजारातून घरला आनता तवा पानाला धरून आनता का?" ते विचारायचे. "देठाला धरा. मग डावीकडं न्या, वर न्या, बाराखोल्यांच्या वाड्यात न्या. आतली पानं आपापल्या जागी ऱ्हात्यात."

म्हणून भिंतीतला तो खिळा. सगळ्या जुड्यांची देठं त्या एका खिळ्यापासून मोजायची, इतक्या विती उजवीकडे, इतक्या विती खाली, आणि मोजलेल्या जागी तात्पुरता साधा खिळा मारून त्यावर देठ अडकवायचं. भिंतीच्या कडेपासून मोजलेलं त्यांना चालायचं नाही. कड वाकडी असते, म्हणायचे, गवंडी दुपारनंतर येगळा आसतो. काही चुकलं तर "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "खिळ्याकडं या," एवढंच म्हणायचे. मी मग पहिल्यापासून मोजायची.

माझी नात परभणीला कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करते. परवा तिच्या शेजारी बसले होते. तिनं गणपती, कलश आणि खालची दोन फुलं मिळून एक चौकट केली, आणि ती चौकट बोटानं धरून सगळीच्या सगळी वर नेली. मी म्हटलं, ही तर जुडी. ती म्हणाली, आजी, याला ग्रुप म्हणतात. म्हटलं, म्हण बाई. मग मी विचारलं, याचा देठ कुठं आहे? तिनं डाव्या कोपऱ्यातला एक ठिपका दाखवला. मला इतकं बरं वाटलं की मी तिला मास्तरांची सगळी गोष्ट सांगत बसले आणि त्या पत्रिकेला दोन तास उशीर झाला.

लहान चित्र मोठं करायचं तर मास्तर त्यावर चौकटी आखायचे आणि भिंतीच्या कागदावर तितक्याच चौकटी, मोठ्या. इथल्या एका चौकटीत जे आहे ते तिथल्या एका चौकटीत. एकदा एका फटफटीच्या दुकानदाराला आपल्या पाटीवर फटफटी आहे तशी आणि स्वतःचं डोकं तेवढं मोठं पाहिजे होतं. मास्तर त्याला शांतपणे म्हणाले, "शेठ, वाढवायचं तर सगळं घर वाढवतो. नुस्तं डोकं वाढवलं तर लोक दवाखाना समजून आत येतील." शेठ हसला आणि मापातल्या डोक्यावर राजी झाला.

तर पंच्याऐंशीच्या आसपास आरोग्य खात्याचं एक मोठं काम आलं. जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी पाजा, असं गावोगाव भिंतीवर काढायचं. साहेबांनी तळहाताएवढं चित्र दिलं. मांडी घालून बसलेली आई, हातात चमचा. मांडीवर लेकरू, तोंड उघडलेलं. बाजूला पाण्याचा हंडा, खाली अक्षरं. गावं चाळीसच्या वर, आणि दोन भिंती एकसारख्या नाहीत. कुठं खिडकी मध्ये, कुठं नोटिशीचा फळा. मास्तर रात्री एकटेच विचार करणाऱ्यातले नव्हते, ते आम्हाला समोर बसवून मोठ्यानं विचार करायचे. आईची एक जुडी. हंड्याची एक. अक्षरांची एक. लेकरू आईच्या कागदात मावेना, म्हणून त्याचा कागद वेगळा झाला. पण त्याचं देठ भिंतीच्या खिळ्यापासून मोजायचं नाही, आईच्या देठापासून मोजायचं, दोन वीत खाली, एक वीत डावीकडे. "भिंत लेकराची कोन लागती?" मास्तर म्हणाले. "लेकरू आईचं हाय. आई जिकडं जाईल तिकडं जाईल."

आम्ही एसटीनं फिरायचो. रंगाचे डबे टपावर, खाक्यांची गुंडाळी मांडीवर. येलदरीच्या रस्त्याची गावं झाली, मग राणीसावरगावकडची. मी तोवर ठिपके जोडायला, रंग भरायलाही लागले होते. बाई भिंत रंगवते म्हणून लोक गोळा व्हायचे. कुणी म्हणायचं, घरी चूल सारवायची सोडून इथं कशाला. मास्तर म्हणायचे, "तिनं चूल सारवली तर तुमी बघायला आले असते का?" आणि परत भिंतीकडे वळायचे.

गंगाखेडच्या पुढचं एक गाव होतं. ग्रामपंचायतीची भिंत, मधोमध खिडकी. तोपर्यंतच्या भिंतींवर आईचं देठ बरोबर खिळ्यावरच यायचं, त्यामुळे खिळ्यापासून मोजा की आईपासून मोजा, सारखंच. इथं खिडकीमुळे आई चार हात उजवीकडे न्यावी लागली. मास्तर मला सांगून सरपंचाची सही आणायला मळ्यात गेले. मला डोळ्यापुढं दुपारची एसटी दिसत होती. मी आई चार हात उजवीकडे नेली, बरोबर नेली. आणि लेकरू सवयीनं खिळ्यापासून मोजलं. दोन वीत खाली, एक वीत डावीकडे. नाकाशी धरून काम करणाऱ्याला अख्खी भिंत दिसत नसते. मी ठिपके जोडले, रंग भरला, लेकराच्या गालाला गुलाबी लावलं.

मागं बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा मी खाली उतरून चार पावलं मागं गेले. आई उजवीकडे बसलेली, रिकाम्या मांडीवर चमचा धरून. आणि लेकरू खिडकीखाली, हवेत, तोंड उघडून. एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिनं भिंत बघितली, मग मला बघितलं.

"तुला हाय का लेकरू?"

"हाय. आठ वर्साची पोरगी हाय."

"मग तुला कळाया पायजे. आदी त्याला उचल आनि मांडीवर ठिव."

मास्तर आले. भिंत बघितली, पण "खिळ्याकडं या" असं म्हणाले नाहीत. सदरा काढून खुंटीला लावला आणि चुन्याची बादली कालवायला घेतली. मी म्हटलं, मास्तर, आधी दोन घास खाऊन घेऊ. सकाळपासून ते उपाशी होते. तर ती म्हातारी तिथंच पायरीवर बसलेली. मास्तरांनी तिच्याकडे बोट केलं. "त्या मायनं सांगितलंय, आदी लेकरू उचला. जेवन मागून." चुना दिला, तो वाळेपर्यंत बसलो, परत ठिपके, परत रंग. एसटी गेली. म्हातारी मात्र लेकरू मांडीवर आल्यावरच उठली, आणि घरून आमच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली.

त्या दिवसापासून मास्तरांचा एक प्रश्न सुरू झाला. कुठलंही काम असो, किराणा दुकानाची पाटी असो नाहीतर शेंदूर फासलेल्या दगडामागची कमान असो, ठिपके उमटले की रंग लावायच्या आधी ते विचारायचे, "लेकरू मांडीवर हाय का?" म्हणजे ज्याचं त्याच्यापासून मोजलं का. मी मोजून बघायची आणि म्हणायची, "हाय." न बघता "हाय" म्हटलं तर त्यांना आवाजावरून कळायचं.

नव्वदनंतर त्यांचे डोळे जायला लागले. आधी कडेचं दिसेनासं झालं. सायकलवरून जाताना बाजूनं आलेली बैलगाडी दिसायची नाही. आम्हाला वाटलं मोतीबिंदू, पडदा काढला की झालं. परभणीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, आहे तेवढी टिकली तर टिकली. मास्तरांनी डॉक्टरांना एकच विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. घरी येताना एसटीत त्यांनी खिशातला खिळा चाचपला. मग म्हणाले, "तिकडं एकदाचं लावलं असतं तर बरं झालं असतं. मला बघून घ्यायचं होतं." कुठलं ते मला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर नळकांडं दोन महिन्यांनी नव्हे, रोज उतरायला लागलं. खाका मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटं फिरवायचे. मागची बाजू घासली तरी टोचलेलं हाताला लागतं. डोळे होते तेव्हा जे बघायचे ते आता बोटांनी वाचायचे. त्र्याण्णवच्या पावसाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पाट्यांचं काम मीच करत होते, ते खुर्चीवर बसून मापं सांगायचे. लोक माझ्याकडे यायला लागले होते, पण बोलायचे मास्तरांशी.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव लागलं. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी दुकानात होते, मावशी तीळ भाजत होती. मास्तर उठून उभे राहिले, परत बसले. मग पूर्ण नाव परत एकदा सांगितलं गेलं आणि त्यांची मान जरा कलली. त्यांच्या खाक्यात जे होतं, त्यात एक शब्द जास्तीचा आला होता. आमच्या मुलखाचं नाव, जे आधीपासून होतं, ते काढलं नव्हतं. नव्या नावासोबत ठेवलं होतं.

संध्याकाळी वस्तीतली माणसं वाचनालयापुढे जमली. आनंद होता आणि त्या आनंदाला एक कुसळही होतं. कुणी म्हणालं, आपण जे मागितलं होतं तेच भिंतीवर लिवा, खाका तोच हाय. कुणी म्हणालं, लिवा सगळं, पण तो शब्द बारीक लिवा, वरच्या कोपऱ्यात. सोळा वर्षांत ज्यांनी काय काय सोसलं होतं ती माणसं बोलत होती, त्यामुळे मी गप्प बसले. मी कोण होते बोलणारी. मला एवढंच दिसत होतं की भिंत तेवढीच आहे. एका ओळीत चार शब्द घालायचे तर सगळंच लहान करावं लागणार, म्हणजे सगळाच खाका नव्यानं टोचायचा, आणि सोळा वर्षांचे ते कागद टाकून द्यायचे. तेवढं मात्र मी मास्तरांच्या कानात सांगितलं.

मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बहिनीचं घर गेलं ते याच मुलखात, आनि तिला ठिवून घेतलं तेबी याच मुलखात. त्याला बारीक कशाला करायचं? आपन मग कुठले? जसं लागलं तसं लिवायचं. एकाच मापात." कुणीतरी काही बोलायला गेलं, तर त्यांची बहीणच म्हणाली, लिवू द्या त्याला, लय दिवस थांबलाय.

मग मला म्हणाले, "शांताबाई, काही टाकायचं न्हाई. पहिल्या दोन जुड्या वरच्या ओळीला. तिसरी देठ धरून खाली न्या. नवा शब्द टोचा आनि तिच्या डाव्या अंगाला बसवा." डोळ्यांत उजेडाशिवाय काही नसलेल्या माणसानं अख्खी भिंत डोक्यात उभी करून दोन ओळी मांडल्या होत्या. मी दोन दिवस बसून चौथा कागद टोचला. अक्षरं त्यांचीच, जुन्या खाक्यातल्या वळणाची. मी टोचायची आणि ते मागून बोट फिरवायचे. एका ठिकाणी म्हणाले, इथं काना जाडा झाला. झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी गेलो. मास्तरांनी खिशातून खिळा काढला. मी त्यांचा हात धरून जागेवर नेला, ठोकला त्यांनीच. दुसरा घाव अंगठ्यावर बसला, पण हातोडी दिली नाही. मी वरची ओळ मोजून लावली, पुरचुंडी थोपटली. तिसरी जुडी खाली नेली. नव्या शब्दाचं देठ तिसऱ्या जुडीच्या देठापासून मोजलं, भिंतीच्या खिळ्यापासून नाही. कागद काढले. दोन ओळी ठिपक्यांनी उमटल्या, काळ्या, स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गयामावशी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. मास्तर भिंतीखाली खुर्चीवर बसलेले, तोंड लोकांकडे, पाठ भिंतीला.

"लेकरू मांडीवर हाय का?"

मी मोजलं. परत मोजलं. खालची ओळ दोन बोटं उजवीकडे सरकली होती. वरच्या ओळीखाली बरोबर मध्ये यायला हवी ती आली नव्हती. कुणाला कळलं नसतं. मास्तरांना दिसत नव्हतं. लोक ब्रशची वाट बघत होते, आणि सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला अजून थांबवायचं माझ्या जिवावर आलं. "हाय" म्हणायला मी तोंड उघडलं सुद्धा.

"न्हाई, मास्तर," मी म्हटलं. "दोन बोटं सरकलंय."

"कशानं?"

मी तिसरा कागद हातात घेऊन बघितला. मोजमाप बरोबर होतं. देठच बिघडलं होतं. ते भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूला ओढून लांबट झालं होतं, कडा मऊ पडलेल्या. तात्पुरत्या खिळ्यावर कागद नीट बसलाच नव्हता, घसरला होता. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट धरून भोकावर ठेवलं. बोट आपोआप आत गेलं, रोजच्या जागी गेल्यासारखं.

मास्तरांनी बोट भोकाच्या कडेनं फिरवलं. मग हसले. "मीच केलंय की हे. रोज बोट घालून बघायलो ना, हाय का जागेवर म्हनून." कागद माझ्याकडे परत देत म्हणाले, "पुसा. भोकाला मागून कागद डकवा, नवं पाडा. मानसं थांबतील."

माणसं थांबली. मावशीनं खळ आणली, मी पट्टी डकवली, वाळवली, नवं देठ पाडलं. खालची ओळ ओल्या फडक्यानं पुसून परत थोपटली. परत मोजली.

"आता?"

"हाय."

"मग लाव रंग, माय," ते म्हणाले. चौदा वर्षांत मला त्यांनी तुमी सोडून काही म्हटलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत दोन्ही ओळी झाल्या. रंग वाळल्यावर मी त्यांना उठवून भिंतीकडे वळवलं. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तळहात फिरवला, वरची ओळ, मग खालची. ऑईल पेंट भिंतीवर किंचित उठून राहतो, बोटाला कळतो. चारही शब्द त्यांनी सारख्याच सावकाशीनं वाचले. खिळा उपटायला मी गेले तर म्हणाले, असू दे. परत नाव वाढलं-कमी झालं तर कुठून मोजशील?

दोन वर्षांनी मास्तर गेले. दुखणं थोडंच झालं. मी भेटायला गेले की बोलायचे, पाटी कुणाची आली, रंग कुठला वापरलास. शेवटच्या वेळी मी जिंतूरच्या एका शाळेच्या भिंतीचं सांगत होते, नकाशा काढायचा होता, तालुके सगळे वेगवेगळ्या कागदांवर. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, लेकरू मांडीवर हाय का? मी खरं ते सांगितलं, अजून मोजलं नाही. म्हणाले, मग इथं काय करायलीस.

नळकांडं मावशीनं मला दिलं. दर दिवाळीला मी ते उघडते, कागदांना ऊन देते. पहिल्या दोन्ही कागदांची देठंही तशीच लांबट झालेली आहेत, तिसऱ्याला माझी पट्टी. चौथ्या कागदाचं देठ मात्र अजून गोल आहे. त्यात मी बोट घालत नाही.